सायबर सुरक्षा आणि डिजिटल फॉरेन्सिक्सची पदवी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेश घेण्याआधी विद्यार्थी आणि पालक जे विचारतात ते प्रश्न इथे आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला पोचल्यावर विद्यार्थ्यांना जे पडू लागतात तेही आहेत. अभ्यासक्रमाची नावं आणि विषयांचा क्रम प्रत्येक विद्यापीठात वेगळा असतो, पण विषयाचा गाभा सगळीकडे सारखाच आहे.

सायबर सुरक्षा आणि डिजिटल फॉरेन्सिक्स हे वेगळे विषय आहेत का?

पाया एकच, काम वेगळं. हल्ला होऊ नये, झालाच तर लवकर कळावा आणि नुकसान आटोक्यात राहावं, हे सुरक्षेचं काम. काय घडलं, कधी घडलं, कोणत्या खात्यावरून घडलं हे उरलेल्या खुणांवरून शोधणं आणि तिऱ्हाइताला पटेल असं सिद्ध करून दाखवणं, हे फॉरेन्सिक्सचं.

दोघांचा कधीकधी खटकाही उडतो. रॅन्समवेअरने सगळ्या फाइल्स कुलूपबंद केल्या आहेत आणि कामकाज ठप्प आहे, असा प्रसंग धरा. सुरक्षेच्या माणसाला सर्व्हर पुसून बॅकअपवरून लगेच सुरू करायचे असतात. फॉरेन्सिक्सचा माणूस म्हणतो, पुसण्याआधी मला त्यांची प्रत घेऊ द्या, नाहीतर हल्लेखोर कुठून आत आला ते कधीच कळणार नाही आणि तो उद्या त्याच दारातून पुन्हा येईल. दोघांचंही बरोबर असतं. म्हणूनच बहुतेक ठिकाणी पहिली दोन वर्षं दोन्ही विषय एकत्र शिकवतात आणि वाटा नंतर फुटतात. हे योग्यच आहे असं मला वाटतं. जो हल्ला करून पाहत नाही त्याला हल्ल्याच्या खुणा ओळखता येत नाहीत.

शाळेत संगणक हा विषय नव्हता. जमेल का?

जमेल. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाचा खगोलशास्त्रज्ञ संगणक सांभाळण्याच्या कामावर होता. संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आली. एवढीशी रक्कम कुणीही सोडून दिली असती, त्याने सोडली नाही. कोणीतरी अनोळखी माणूस यंत्रणेत शिरतोय हे त्याच्या लक्षात आलं. त्याने त्या घुसखोराला हाकललं नाही. त्याची प्रत्येक कळ प्रिंटरवर छापली जाईल अशी सोय केली आणि काही महिने माग काढला. माग थेट पश्चिम जर्मनीतल्या हॅनोवर शहरात पोचला. तिथला मार्कुस हेस नावाचा तरुण अमेरिकी लष्करी संगणकांतली माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्याला विकत होता.

स्टोलकडे या विषयाची पदवी नव्हती, तेव्हा अशी पदवीच नव्हती. निरीक्षणं नोंदवायची, तारीख-वेळ लिहायची आणि न जुळणारा आकडा सोडून द्यायचा नाही, ही शास्त्रज्ञाची सवय मात्र त्याच्याकडे होती. पहिल्या वर्षी मला विद्यार्थ्यात हीच सवय हवी असते. बाकीचं शिकवता येतं.

मला आधीच बरंच हॅकिंग येतं. पदवीत नवीन काय मिळणार?

टूल चालवता येणं आणि टूल काय करतंय हे समजणं, यात बरंच अंतर आहे. पोर्ट स्कॅन कसा करायचा हे तुम्हाला येत असेल. त्या वेळी टीसीपीची कोणती पाकिटं जातात, समोरचं यंत्र काय उत्तर देतं आणि फायरवॉलच्या लॉगमध्ये त्याची काय नोंद उमटते, हे येतं का? येत असेल तर पहिलं सत्र सोपं जाईल आणि पुढची जड जातील, इतरांसारखीच.

गणित किती लागतं?

घाबरण्याइतकं नाही, टाळता येण्याइतकंही नाही. द्विमान (बायनरी) आणि षोडशमान (हेक्स) पद्धतीतले आकडे तोंडपाठ असल्यासारखे वाचता यायला हवेत. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, शक्यताशास्त्र आणि थोडं संख्याशास्त्र लागतं. क्रिप्टोग्राफीच्या तासाला मॉड्युलर अंकगणित येतं. डिफी आणि हेलमन यांची १९७६ मधली की-देवाणघेवाण किंवा १९७७ मधली आरएसए पद्धत छोट्या मूळ संख्या घेऊन वहीवर सोडवता आली, की त्या विषयाची भीती जाते. कलनशास्त्र फारसं लागत नाही.

कोडिंग आलंच पाहिजे का?

हो. पायथन रोजच्या कामासाठी हवी, लाखो ओळींच्या लॉगमधून हव्या त्या ओळी वेगळ्या काढण्यासाठी. शेल स्क्रिप्टिंग हवं. आणि सी भाषा हवी. मेमरी म्हणजे काय हे सीइतकं उघडंवाघडं दुसरी कुठलीच भाषा दाखवत नाही.

सी कशासाठी, याचं उत्तर हार्टब्लीडमध्ये आहे. ओपनएसएसएल या जगभर वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीतली ही चूक एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाली. 'तू जिवंत आहेस ना' हे तपासायला एक संगणक दुसऱ्याला छोटा संदेश पाठवतो, त्यासोबत त्या संदेशाची लांबी सांगतो आणि समोरचा तोच संदेश परत पाठवतो, एवढाच तो प्रकार. सांगितलेली लांबी खरी आहे का, हे तपासणारी ओळ मात्र लिहायची राहिली होती. एका अक्षराचा संदेश पाठवून 'हा ६४ किलोबाइटचा आहे' असं सांगितलं, की सर्व्हर आपल्या मेमरीत शेजारी पडलेलं जे असेल ते जवळजवळ तेवढं उचलून द्यायचा. त्यात पासवर्ड असत, खासगी कीसुद्धा असू शकत. ही चूक दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, कारण कोड खुला होता. पॉइंटर आणि बफर समजणाऱ्यालाच ती दिसू शकते.

पहिल्या वर्षी काय शिकवतात? फॉरेन्सिक्स कधी सुरू होतं?

नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम, प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, थोडा कायदा. बऱ्याच विद्यार्थ्यांचा इथे विरस होतो. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर परवानग्या बदलत बसणं त्यांच्या मनातल्या चित्राशी जुळत नाही. पण फाइल सिस्टिम न शिकता डिलीट केलेली फाइल शोधणं म्हणजे पाण्यात न उतरता पोहायला शिकणं. फॉरेन्सिक्सची खरी सुरुवात बहुधा दुसऱ्या वर्षात होते.

फॉरेन्सिक्सच्या प्रयोगशाळेत नेमकं काय करतात?

एका साध्या प्रात्यक्षिकाचं उदाहरण देतो. एका बंद पाकिटात पेनड्राइव्ह मिळतो. त्याला हात लावण्याआधी पाकिटाचा आणि सीलचा फोटो काढायचा. मग पेनड्राइव्हचा मेक, क्षमता आणि अनुक्रमांक फॉर्मवर लिहायचा, कुणाकडून मिळाला आणि किती वाजता मिळाला तेही. याला चेन ऑफ कस्टडी म्हणतात. पुरावा कोणत्या क्षणी कुणाच्या हातात होता याची ती न तुटणारी नोंद. एक सही राहिली तर पुढची सगळी मेहनत न्यायालयात वाया जाऊ शकते.

त्यानंतर पेनड्राइव्ह राइट ब्लॉकरमधून जोडायचा. संगणकाला त्यातलं वाचता येतं, पण त्यावर काही लिहिता येत नाही, अशी सोय करणारं हे उपकरण आहे. नुसता जोडला तर ऑपरेटिंग सिस्टिम आपणहून त्यावर काहीबाही लिहू शकते, आणि मग तो बदल आरोपीचा की तपासणाऱ्याचा हा वाद सुरू होतो. मग बिट-बाय-बिट इमेज घ्यायची, म्हणजे फाइल्सची नुसती कॉपी नव्हे तर रिकामी दिसणारी जागासुद्धा जशीच्या तशी. मूळ पेनड्राइव्ह आणि इमेज दोन्हींचा एसएचए-२५६ हॅश काढायचा, म्हणजे सगळ्या मजकुरावरून गणिताने काढलेला त्याचा ठसा. ६४ अंकाक्षरांची ती माळ दोन्हीकडे तंतोतंत जुळली, की मूळ वस्तू पुन्हा सीलबंद करायची आणि पुढचं सगळं काम प्रतीवर करायचं.

आता हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे कच्चे बाइट षोडशमानात दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, इमेज उघडायची. पेनड्राइव्हवर फॅट३२ ही फाइल सिस्टिम असेल तर डिलीट केलेल्या फाइलच्या डिरेक्टरीतल्या नोंदीचा पहिला बाइट 'ई५' झालेला दिसतो. छोट्या नावाचं पहिलं अक्षर गेलेलं असतं, बाकी नाव, आकार आणि बऱ्याचदा सुरुवातीचा क्लस्टर (फाइल जिथे सुरू होते त्या जागेचा क्रमांक) तसाच पडून असतो. आणखी एक फाइल आहे, तिच्या नावावरून ती हिशेबाचं वर्ड डॉक्युमेंट वाटते. पण तिचे पहिले तीन बाइट आहेत 'एफएफ डी८ एफएफ'. ही जेपीईजी छायाचित्राची सुरुवात आहे. वर्डची नवी फाइल आतून झिप असते, तिची सुरुवात '५० ४बी'ने झाली असती.

इथे विद्यार्थी उत्साहाने लिहितो, 'संशयिताने छायाचित्र लपवण्यासाठी फाइलचं नाव बदललं.' आणि इथेच त्याचे गुण जातात. पेनड्राइव्हने एवढं सांगितलेलंच नाही. या नावाची फाइल या माध्यमावर आहे, तिचा मजकूर छायाचित्राचा आहे, शेवटच्या बदलाची नोंदलेली वेळ अमुक आहे, एवढंच सांगता येतं. नाव कुणी बदललं, का बदललं, ते माहीत नाही. कधी बदललं तेही या वेळेवरून कळत नाही, कारण नाव बदलल्याने 'शेवटचा बदल' ही वेळ बदलत नाही. ती मजकुराच्या बदलाची वेळ आहे. शिवाय फॅटमध्ये वेळ स्थानिक घड्याळाची लिहिली जाते आणि विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्ये यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. दोन्हींच्या नोंदी एका यादीत मांडताना हे विसरलात, तर आधीची घटना नंतर घडल्यासारखी दिसते आणि तपास भलत्याच माणसाकडे वळतो.

जे माहीत आहे तेवढंच सांगायचं आणि ते कशावरून माहीत आहे हे दाखवता यायचं, ही शिस्त मला या पदवीत सगळ्यात मोलाची वाटते. टूल्स दर दोन-चार वर्षांनी बदलतात, ही शिस्त टिकते.

डिलीट केलेलं नेहमी परत मिळतं का?

नाही. वर सांगितलेल्या पेनड्राइव्हवर बऱ्याचदा मिळतं, फिरत्या चकतीच्या जुन्या हार्ड डिस्कवरही मिळतं, जोवर त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलेलं नाही तोवर. एसएसडीची, म्हणजे चकतीऐवजी चिपवर माहिती ठेवणाऱ्या ड्राइव्हची, गोष्ट निराळी. तिथे ऑपरेटिंग सिस्टिम 'ट्रिम' आज्ञेने ड्राइव्हला सांगते की हे ब्लॉक आता नको आहेत, आणि ड्राइव्हचा आतला कंट्रोलर सवडीने ते साफ करतो. राइट ब्लॉकर लावला तरी ही आतली साफसफाई थांबत नाही, वीज मिळाली की पुरे.

एन्क्रिप्शनने तर खेळच बदलला आहे. बिटलॉकर (विंडोज) किंवा फाइलव्हॉल्ट (मॅक) ही डिस्क एन्क्रिप्ट करणारी सोय लावलेला लॅपटॉप चालू स्थितीत सापडला, तर किल्ली रॅममध्ये असते. बंद केला की ती जाते. म्हणून 'आधी प्लग खेचा' हा जुना सल्ला आता डोळे मिटून पाळता येत नाही. जे लवकर नाहीसं होणार ते आधी गोळा करा, हा क्रम २००२ च्या आरएफसी ३२२७ या दस्तऐवजात नीट मांडला आहे: प्रोसेसरच्या आतल्या नोंदी, मग रॅम आणि चालू नेटवर्कची स्थिती, मग डिस्क, मग बॅकअप. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. प्रत्यक्ष कामात त्याचं उत्तर काही मिनिटांत द्यावं लागतं.

एमडी५ आणि एसएचए-१ मोडले आहेत म्हणतात. मग अजून शिकवतात का?

शिकवतात, कारण हॅश काढण्याच्या या पद्धती जुन्या अहवालांत आणि टूल्समध्ये आहेत. एमडी५ मध्ये एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या फाइल्स बनवता येतात हे २००४ मध्ये वांग श्याओयुन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. एसएचए-१ बाबत गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने २०१७ मध्ये तशा दोन पीडीएफ फाइल्सच समोर ठेवल्या. आता नवीन कामात एसएचए-२५६ वापरा. मात्र, आधीच घेतलेल्या इमेजचा हॅश जुळेल अशी वेगळीच इमेज नंतर बनवणं, हा त्याहून कितीतरी अवघड प्रश्न आहे. 'एमडी५ मोडला, म्हणून जुने सगळे पुरावे बाद' असं कुणी म्हणालं तर हा फरक समजावून सांगता आला पाहिजे.

मेटाडेटाला एवढं महत्त्व का?

कारण माणूस मजकुराकडे लक्ष देतो, फाइलच्या पोटातल्या नोंदींकडे देत नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात १९७४ ते १९९१ या काळात दहा खून करणारा 'बीटीके' वर्षानुवर्षं सापडत नव्हता. २००५ मध्ये त्याने एका दूरचित्रवाणी केंद्राला फ्लॉपी पाठवली. तिच्यात डिलीट केलेली एक वर्ड फाइल होती आणि तिच्या गुणधर्मांत एका चर्चचं नाव आणि 'डेनिस' हे वापरकर्त्याचं नाव होतं. त्या चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष डेनिस रेडर होता.

ही गोष्ट वर्गात सगळ्यांना आवडते. पण तिचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. पोलिसांनी फ्लॉपीवर भिस्त ठेवून त्याला पकडलं नाही. त्याच्या मुलीच्या वैद्यकीय नमुन्यातला डीएनए घटनास्थळच्या डीएनएशी नात्याने जुळतो का ते तपासलं आणि मगच अटक केली. संगणकातल्या खुणेने दिशा दाखवली, खात्री दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याने झाली. आपल्याकडे म्हण आहे, पळणाऱ्याला एक वाट, शोधणाऱ्याला बारा वाटा. बारा वाटा आहेत म्हणून एकीवरच विसंबायचं नाही.

अहवाल लिहायला एवढे गुण का असतात?

तुमचं काम न्यायाधीश, व्यवस्थापक, वकील यांच्यापर्यंत पोचतं ते अहवालातून. त्यांच्यापैकी कुणीही हेक्स व्ह्यूअर उघडणार नसतं. आणि अहवाल चुकला तर माणसं तुरुंगात जातात.

ब्रिटनच्या टपाल खात्यात १९९९ पासून होरायझन ही संगणक प्रणाली आली. तिच्यात दोष होते. शाखांच्या हिशेबात नसलेली तूट दिसायची. शाखा चालवणाऱ्यांवर चोरीचे, खोट्या हिशेबाचे खटले भरले गेले, आणि २०१५ पर्यंत ९०० हून अधिक जण दोषी ठरले. कुणी घर विकलं, कुणी तुरुंगात गेलं, काहींनी जीव दिला. संगणक नीट चालतो असं न्यायालयाने गृहीत धरायचं, अशी तिथल्या कायद्याची रीत होती, म्हणून तो बिघडला होता हे दाखवण्याची जबाबदारी आरोपींवर येऊन पडली. त्यांच्याकडे तर प्रणालीच्या आतल्या नोंदीसुद्धा नव्हत्या. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष होते हे मान्य केलं, आणि २०२४ मध्ये त्या शिक्षा रद्द करण्यासाठी खास कायदा करावा लागला.

प्रत्येक विद्यार्थ्याने हे प्रकरण मुळापासून वाचावं असं मला मनापासून वाटतं. 'लॉगमध्ये असं दिसतं' या वाक्यानंतर जे प्रश्न विचारायला हवे होते ते वर्षानुवर्षं कुणी नेटाने विचारले नाहीत. लॉग कुणी लिहिला? त्यात बाहेरून बदल करता येत होता का? तोच निष्कर्ष दुसऱ्या टूलने काढून पाहिला का? तुमच्या अहवालात या प्रश्नांची उत्तरं असली पाहिजेत. टूलचं नाव आणि आवृत्ती, काय केलं त्याचा क्रम, काय तपासलं नाही आणि का, आणि निष्कर्षाच्या मर्यादा. दुसऱ्या तज्ज्ञाने तुमचा अहवाल हातात घेऊन तेच काम केलं, तर त्याला तेच उत्तर मिळालं पाहिजे.

लेखन कच्चं असेल तर पहिल्या वर्षापासून दर आठवड्याला एक पान लिहा. छोटी वाक्यं, भूतकाळ, विशेषणं नकोत.

कायद्याचा पेपर कंटाळवाणा वाटतो. गरज आहे का?

आहे. परवानगी कुणाकडून, कशाची, कुठवर, हे न पाहता घेतलेला पुरावा निरुपयोगी ठरू शकतो आणि घेणाराच गुन्हेगार ठरू शकतो. शिवाय डेटाला सीमा नसते. गुन्हा एका देशात, सर्व्हर दुसऱ्या, कंपनी तिसऱ्या. २००१ मध्ये सह्यांसाठी खुला झालेला सायबर गुन्ह्यांवरचा आंतरराष्ट्रीय बुडापेस्ट करार याच अडचणीतून आला.

सराव कुठे करायचा? कायदा मोडला जाणार नाही ना?

स्वतःच्या मालकीच्या यंत्रावर किंवा ज्याची लेखी परवानगी आहे त्या यंत्रावरच. बाकी कुठेही नाही. 'मी फक्त बघत होतो', 'त्यांची चूक दाखवायची होती' ही कारणं कायद्यापुढे टिकत नाहीत.

नोव्हेंबर १९८८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या पदव्युत्तर विद्यार्थ्याने एक स्वतः पसरणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. नुकसान करण्याचा हेतू नव्हता असं त्याचं म्हणणं होतं. यंत्र आधीच बाधित आहे असं उत्तर आलं, तरी दर सातपैकी एका वेळी प्रोग्रॅमने तिथे पुन्हा ठाण मांडावं, असं त्याने लिहिलं होतं. हा आकडा फार मोठा निघाला. एकेका यंत्रावर प्रतींवर प्रती साचल्या आणि हजारो संगणक आडवे झाले. त्याला दोषी ठरवून तीन वर्षांचं प्रोबेशन, ४०० तासांची समाजसेवा आणि दंड झाला. त्याच घटनेनंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात सीईआरटी हे अशा संगणक-घटनांना तोंड देण्यासाठीचं पहिलं समन्वय केंद्र उभं राहिलं.

आज सरावासाठी कायदेशीर जागा भरपूर आहेत. व्हर्च्युअलबॉक्समध्ये स्वतःची छोटी लॅब उभारा. लिनक्सच्या कमांड शिकायला ओव्हरदवायरचा 'बँडिट', सुरुवातीच्या स्पर्धांसाठी कार्नेगी मेलनचं पिकोसीटीएफ, वेब सुरक्षेसाठी ओवॅस्पचं ज्यूस शॉप हे मुद्दाम सच्छिद्र बनवलेलं संकेतस्थळ. फॉरेन्सिक्ससाठी डिजिटल कॉर्पोरा आणि अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेचा सीएफआरईडीएस संग्रह इथे तयार डिस्क इमेज मोफत मिळतात. त्या उघडायला ऑटोप्सी, रॅमसाठी व्होलॅटिलिटी, नेटवर्कसाठी वायरशार्क आणि उलट अभियांत्रिकीसाठी घिड्रा. ही सगळी टूल्सही मोफत आहेत.

जुना पेनड्राइव्ह विकत घेऊन त्यातलं काढून पाहू नका. तो कुणाचा तरी खासगी डेटा आहे.

लॅपटॉप कोणता घ्यावा?

१६ जीबी रॅम आणि पुरेशी मोठी एसएसडी असली की पुष्कळ झालं. दोन-तीन व्हर्च्युअल मशीन एकत्र चालवायची असतात, त्यासाठी रॅम. महागडं ग्राफिक्स कार्ड म्हणजे नाकापेक्षा मोती जड. जड कामाची यंत्रं प्रयोगशाळेत असतातच.

पदवी घ्यावी की सर्टिफिकेट?

एक दुसऱ्याची जागा घेत नाही. पदवी पाया देते आणि सर्टिफिकेट विशिष्ट कौशल्याची साक्ष देतं. सिक्युरिटी प्लस हे पायाभूत सर्टिफिकेट सुरुवातीला करता येतं. ओएससीपी या पेनेट्रेशन टेस्टिंगच्या (परवानगीने हल्ला करून पाहण्याच्या) सर्टिफिकेटची परीक्षा जवळपास २४ तासांची, पूर्ण प्रात्यक्षिक असते आणि त्यानंतर अहवाल लिहावा लागतो. ती खरोखर कस पाहते. सीआयएसएसपी या अनुभवी लोकांच्या सर्टिफिकेटसाठी पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तेव्हा शिकत असताना तिच्यामागे लागण्यात अर्थ नाही. एक सर्टिफिकेट नीट अभ्यासून करणं हे पाच घाईघाईने गोळा करण्यापेक्षा मुलाखतीत जास्त उपयोगी पडतं.

विद्यापीठ निवडताना काय विचारावं?

माहितीपत्रकातले फोटो बाजूला ठेवा आणि हे विचारा. प्रयोगशाळेत राइट ब्लॉकर आणि मोबाइल तपासणीची सोय आहे का, आणि विद्यार्थ्यांना ती स्वतः हाताळायला मिळते का? शिकवणाऱ्यांपैकी कुणी प्रत्यक्ष प्रकरणांवर काम केलं आहे का? अभिरूप न्यायालयात साक्ष देण्याचा सराव घेतात का? गेल्या तीन वर्षांत अभ्यासक्रमात काय बदललं? शेवटच्या प्रश्नाला 'काहीच नाही' असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. आणि जमल्यास तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोला, शिक्षक समोर नसताना.

नोकरी कुठे मिळते? पोलिसातच जावं लागतं का?

नाही. पोलीस आणि सरकारी प्रयोगशाळा आहेतच. त्याखेरीज बँका, सल्लागार कंपन्या, दूरसंचार, रुग्णालयं, विमा कंपन्या यांना अशी माणसं लागतात. बऱ्याच जणांची सुरुवात सुरक्षा देखरेख केंद्रात, म्हणजे एसओसीमध्ये, विश्लेषक म्हणून होते. तिथे पाळ्या असतात, रात्रपाळीही, आणि दिवसभरात येणाऱ्या बहुतेक सूचना खोट्या निघतात. खरी सूचना त्या ढिगातून ओळखण्याची नजर तिथेच तयार होते, म्हणून हे काम कमी लेखू नका. पुढे घटना-प्रतिसाद, पेनेट्रेशन टेस्टिंग, मालवेअर विश्लेषण, फॉरेन्सिक तपासणी किंवा धोरण आणि लेखापरीक्षण अशा वाटा आहेत. शेवटच्या वाटेवर कोडिंग कमी आणि माणसांशी बोलणं जास्त असतं.

एआयमुळे हे काम राहील का?

लॉग चाळणं, सारखे दिसणारे फोटो एकत्र करणं, कोडचा अर्थ लावणं, यात एआय वेळ वाचवतं. पण न्यायालयात 'हे कशावरून?' असं विचारल्यावर 'मॉडेलने सांगितलं' हे उत्तर चालत नाही. मॉडेलने दाखवलेली प्रत्येक खूण मूळ डेटात जाऊन स्वतः पाहावी लागते. उलट बनावट आवाज आणि चित्रफितींमुळे फॉरेन्सिक्सपुढे नवं काम उभं राहिलं आहे.

या कामाचा मनावर ताण येतो का?

येतो, आणि तो प्रवेशाच्या वेळी कुणी सांगत नाही. फॉरेन्सिक तपासणी करणाऱ्यांना हिंसेची आणि मुलांच्या शोषणाची चित्रं, चित्रफिती पाहाव्या लागू शकतात. विद्यापीठात असं साहित्य वापरत नाहीत, सरावाला बनवलेला निरुपद्रवी डेटा असतो. त्यामुळे पहिला धक्का नोकरीत बसतो. चांगल्या प्रयोगशाळा कामाची आलटून-पालटून वाटणी करतात, समुपदेशक ठेवतात आणि आधीच नोंद झालेली चित्रं हॅशवरून यंत्रालाच ओळखू देतात, म्हणजे माणसाला ती पुन्हा पाहावी लागत नाहीत. मुलाखतीत याबद्दल बिनदिक्कत विचारा. झेपत नसेल तर घटना-प्रतिसाद किंवा कंपन्यांच्या आर्थिक तपासाचा मार्ग तितकाच सन्मानाचा आहे.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय कसा निवडावा?

लहान घ्या. 'सायबर गुन्ह्यांचा एकंदर अभ्यास' अशा विषयातून काही हाती लागत नाही. एक मेसेजिंग ॲप घ्या, त्याची एक ठरावीक आवृत्ती, एका मॉडेलचा फोन. स्वतःच्या दोन खात्यांमधून ठरवलेले संदेश पाठवा, त्यातले काही डिलीट करा आणि कोणत्या वेळी काय केलं त्याची वही ठेवा. मग फोनमधून डेटाबेस काढून पाहा. अशी बहुतेक ॲप्स एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरतात आणि काढून टाकलेल्या नोंदी मोकळ्या पानांत किंवा शेजारच्या डब्ल्यूएएल फाइलमध्ये (ताजे बदल आधी जिथे लिहिले जातात ती) काही काळ रेंगाळतात. कोणते संदेश मिळाले, कोणते मिळाले नाहीत आणि किती वेळानंतर, याचा तक्ता बनवा. 'मिळाले नाहीत' हा रकानाही तितक्याच काळजीने भरा, कारण तपासणाऱ्याला त्याचाही उपयोग असतो. आणि ॲपचा, फोनच्या प्रणालीचा, वापरलेल्या टूलचा आवृत्ती क्रमांक पहिल्याच पानावर लिहा. पुढच्या अपडेटनंतर तुमचे निष्कर्ष लागू राहतील की नाही, हे वाचणाऱ्याला त्यावरूनच ठरवायचं असतं.